तोग्बेंची टाच आणि एकवीस कॅप्सूल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, अव्लेमेचे ग्रामप्रमुख तोग्बे आफेनू, ज्यांच्या मुखातून तोग्बे बोलतात ते त्यांचे प्रवक्ते अग्बेको, व्यासपीठावर आपापल्या ज्येष्ठतेच्या उंचीच्या खुर्च्यांवर बसलेले सहा वडीलधारे, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलो आहोत, त्या सत्कारमूर्ती सिस्टर एसिनाम, बंधुभगिनींनो,

सव्वीस वर्षं सिस्टर एसिनाम आपल्या आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीत बसल्या. एवढ्या काळात त्यांनी एकच वाक्य किती वेळा उच्चारलं असेल? "सांगितली तेवढी, सांगितली तशी, आणि ज्याची त्यानेच." पूजेतल्या मंत्रांनाही इतकी आवर्तनं लाभली नसतील. फरक इतकाच, की मंत्र ऐकणारे निदान मान तरी डोलावतात.

आपण मात्र बाजारात टोपलीतून सुट्या मिळणाऱ्या तांबड्या-पिवळ्या कॅप्सूलला सर्वज्ञ मानतो. सर्दी झाली, घ्या. कंबर धरली, घ्या. जखम झाली, फोडून वर भुरभुरा. सिस्टर सांगून थकल्या, की बाबांनो, हे जिवाणूंवरचं औषध आहे. सर्दीच्या विषाणूला ते ओळखतसुद्धा नाही. आपण म्हणालो, ओळख करून देऊ.

अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने गेल्या वर्षीची हकीकत सांगतो. अनुमती काल मागितली होती. अग्बेकोंमार्फत उत्तर आलं, "तोग्बे म्हणतात, सांग, पण टाच कोणती ते नीट सांग." तर, डावी.

होड्यांना आशीर्वाद द्यायला तोग्बे तळ्यात उतरले आणि मांगूर माशाचा काटा टाचेत गेला. जखम चिघळली. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सात दिवसांच्या एकवीस कॅप्सूल लिहून दिल्या. सिस्टरनी पुडी दिली, वाक्य म्हटलं. पण पुडी वाड्यात आली, आणि वाड्याला रीत आहे! तोग्बेंच्या ओठाला लागणारी प्रत्येक वस्तू आधी प्रवक्त्याने चाखायची. कॅप्सूल अर्धी कशी चाखणार? अग्बेकोंनी पहिला दिवसभर निष्ठेने सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अख्खी गिळली. शिवाय वाड्यात आलेल्या भेटीत वडीलधाऱ्यांचा वाटा असतोच. सहा जणांना प्रत्येकी दोन. असा न्याय कुठल्या न्यायालयात झाला नसेल: सगळ्यांना वाटा मिळाला आणि कुणालाच गुण आला नाही.

वडीलधाऱ्यांनी त्या वाट्याचं काय केलं? नावं घेत नाही, सगळे समोर बसले आहेत. एकाने गुडघ्यावर चोळली. एकाने ताडीत विरघळवली, ताडीतले जंतू मरावेत म्हणून. एकाने खुडूक कोंबडीला दिली. कोंबडी हयात आहे, तिचं मत कळलेलं नाही.

तोग्बेंच्या वाट्याला उरल्या सहा. दोन दिवसांत संपल्या.

इकडे अग्बेकोंच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ भोपळ्यासारखे सुजले. ते औषध त्यांना सोसत नव्हतं. ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण आजारी ते नव्हतेच. तीन दिवस अव्लेमेत एकही निवाडा झाला नाही. तोग्बेंना बोलता येत होतं हो, ओठ अग्बेकोंचे सुजले होते.

इथवर हसलात, ठीक आहे. सहाव्या दिवशी सूज पोटरीपर्यंत चढली. डॉक्टर म्हणाले, आणखी वर गेली तर पाय ठेवता येणार नाही, कापावा लागेल. आणि अंग अभंग नसलेल्याला आपल्या राजासनावर बसता येत नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पाय गेला असता तर आसनही गेलं असतं, आणि ते एका काट्याने नव्हे, आपल्या शिष्टाचाराने नेलं असतं.

डॉक्टरांनी नवं औषध दिलं. या वेळी सिस्टर पुडी घेऊन स्वतः वाड्यात आल्या. दहा दिवस, दिवसातून तीनदा. पहिल्याच दिवशी अग्बेकोंनी घाबरत हात पुढे केला, "चाखणं माझं कर्तव्य आहे, सिस्टर."

"चाखा ना. हे गिळायचं पाणी चाखा. झालं तुमचं कर्तव्य."

पाचव्या दिवशी सूज उतरली. मी तिथे वार्ताहर म्हणून वही घेऊन बसलो होतो.

"तोग्बे म्हणतात, आता दुखत नाही. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेला ठेवू."

"अग्बेको, तोग्बेंना सांगा, पुढच्या वेळेला ठेवायच्या तर आधी पाय ठेवावा लागेल."

हे वाक्य पुढे कसं न्यावं, अग्बेकोंना सुचेना. आणि आसनावर बसल्यापासून बावीस वर्षांत पहिल्यांदा तोग्बे स्वतःच्या तोंडाने बोलले:

"ऐकलं मी, बाई. द्या इकडे."

तोग्बे आज या सभागृहात कुबडीशिवाय चालत आले. दोन्ही पायांनी. अध्यक्षांचा परिचय मला याहून चांगला करून देता येणार नाही.

सिस्टरना निरोपाला काय हवं, असं विचारलं तेव्हा त्यांनी मानाचं वस्त्र नाकारलं. म्हणाल्या, "घराघरातल्या डब्यात लपवलेलं औषध आणून द्या. मी ते जिल्ह्याच्या रुग्णालयात नष्ट करायला देईन." ती टोपली इथे टेबलावर आहे. मघापासून पाहतो आहे, टोपली रिकामी आहे आणि सभागृह भरलेलं आहे. प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट पाहतो आहे.

तेव्हा आता माझी कबुली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आरोग्यावर सदर लिहिणारा हा तुमचा वार्ताहर गेल्या दाढदुखीतल्या चार कॅप्सूल खिशात बाळगून हिंडतो. प्रवासात लागतील म्हणून. या त्या चार. टाकल्या.

वाजल्या का? रिकाम्या टोपलीत फार वाजतात.

...बसा, अग्बेको, घाई नको. तोग्बे आधी. पाहा, तोग्बे स्वतः उठले.

मला दहा मिनिटं दिली होती. सातव्या मिनिटाला बरं वाटू लागलं, तरी मी मध्येच सोडलं नाही, एवढं श्रेय सिस्टरचं. संयोजकांचे आभार, आपल्या कानांचे आभार. काही अधिक-उणं बोललो असेन तर ते पोटात घाला. कॅप्सूल मात्र घालू नका. टोपली तुमच्याकडे येते आहे.