वहीतला गरम भात

नाही नाही, वही बरोबरच आहे, चूक तुमच्या लॅबची असेल — पंधरा दिवस सासू काय खाते ते रोज लिहा म्हणालीस, मी लिहिलं. सकाळी भाकरी, दुपारी ताजी मासळी, रात्री गरम भात-वरण. अक्षर माझं, सही माझी. आता तिच्या फोटोला हार चढून दोन महिने झाले, आणि तू विचारतेस डबीतलं वहीशी का जुळत नाही. लाज नाही वाटत? म्हातारीचा संडास चिवडलात तो चिवडलात, वर मलाच खोटी पाडतेस.

काय म्हणालीस? तिच्या पोटातले जंतू चांगले होते? गावातल्या बाकी म्हाताऱ्यांपेक्षा? मग झालं तर — मी नीटच सांभाळलं ना. हेच वाच रविवारी समाजमंदिरात, गावाला तुमचे निकाल सांगशील तेव्हा, नणंद माझी, जागृती, पुढच्याच खुर्चीत बसेल, ऐकू दे तिला. आईला उपाशी मारलंस म्हणाली मला, मयतीत, सगळ्या बायकांदेखत. खाली बिल्डिंगवर पितळी अक्षरात सासूचं नाव, जमीन तिची, मान तिचा — आणि हागणं-मुतणं काढायला कोण? मी. सहा वर्षं.

आंबवलेलं काय खायची? अगं सरळ बोल ना. भात — आदल्या दिवशीचा, पाण्यात घातलेला, वर मीठ, कांदा. द्यायचे मी. कधीतरी. म्हणजे — रोजच. मग काय, उरलेला फेकायचा? मासळी माझ्या पोराला, आर्यनलाच पुरत नाही, आणि हिला काटे काढून कोण भरवणार? पण तूच म्हणतेस ना, त्यानेच पोट चांगलं राहतं — मग लिही तसं. सुनेने मुद्दाम दिला, औषध म्हणून, असं लिही.

मागायची ती गरम. शेवटच्या दिवशीपण मागितला — "सुमती, एक घास गरम दे गो." मी म्हटलं, कुकर संध्याकाळी लावते, आता आहे ते खा. शिळाच ठेवला पुढ्यात. तिने ताटली सरकवली आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी गरम वाढून नेला मी, खरंच नेला, वर तूप घालून — हाक मारली, दोनदा मारली —

पेन का खाली ठेवलंस? लिही ना. शिळा चांगला असतो, तूच म्हणालीस आत्ता. बोल ना. चांगला असतो ना?

जा तू. वही इथेच ठेव.