भिंत कुठं पळून जाते?

नाही, पण मी म्हणते, मी काय एवढी जड आहे, की सायकलच्या कॅरियरवर बसवून एकदा तिथपर्यंत न्यायला यांना इतकी वर्षं जमू नये? नाही जमलं. मी विषय काढला की आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं. "लांब आहे गं. बघू एखाद्या रविवारी. भिंत कुठं पळून जाते?"

तुम्हाला सांगते, झालं काय, आमच्या समोर राहायचे गैबीसाब पेंटर. सिनेमाचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि सोलापुरात मोकळी भिंत दिसली की कुणी ना कुणी ती रंगवून घ्यायचंच. एका चादरीच्या कारखानदारानं त्यांना सांगितलं, माझ्या शेडच्या भिंतीवर चादर वाळत घालणारी बाई काढ, लांबून दिसली पाहिजे. आता गैबीसाबना अशी बाई कुठली दिसणार? समोरच्या अंगणातली. टाचा उंच करून दोरीवर चादर टाकणारी. मीच ती... चित्र झाल्यावर बिचारे संकोचून यांना सांगायला आले, "भाईसाब, गुस्सा नक्को करो, भाभी का चेहरा अपने आपच आ गया." हे रागावले नाहीत. "हं" म्हणाले आणि चहा प्यायले.

मग काय, गल्लीतल्या सगळ्या बायका बघून आल्या. गोजाबाई भाजीवाली तर टोपली उतरवायच्या आधी म्हणायची, "बाई, काल तुमाला बघितलं की. लई ग्वाड हसायलाय." मला सांगा, जगानं आपल्याला हसताना बघावं आणि आपणच बघू नये? पण एकटीनं जायचं कसं? वाटेत कुणी विचारलं, बाई कुठं निघालात, तर काय सांगू, स्वतःचंच तोंड बघायला निघालेय? म्हणून यांच्याबरोबरच जायचं, आणि हे म्हणायचे... हो, तेच. भिंत कुठं पळून जाते.

मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, गैबीसाब हुबळीला लेकीकडे राहायला गेले, माझे केस पुढून पांढरे झाले, गेल्या दिवाळीत हे रिटायरसुद्धा झाले. तो रविवार काही उगवला नाही.

उगवला तो परवा. पुण्याहून माझे दीर फियाट घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या सोलापुरात भिंतींवर चित्रं फार नामी असतात म्हणे, दाखवा की." मी ठेवणीतलं इरकल नेसले. स्वतःला भेटायला जायचं म्हटल्यावर काय... गाडी निघाली. नवी पेठेत विडीच्या जाहिरातीतला वाघ, पुढं कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाखाली दोन मुलं घेऊन बसलेलं जोडपं, त्यातल्या बाईचा एक डोळा मोठा, थेटराशेजारी बंदूक घेतलेला हिरो... भाऊजी प्रत्येक भिंतीला गाडी थांबवून "वा" म्हणतात, आणि माझा जीव पुढच्या भिंतीत. हे मात्र "डावीकडे घे, आता पिंपळावरून वळ" असं सांगत होते, कुणालाही वाट न विचारता. तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

शेवटच्या बोळात गाडी शिरेना, म्हणून चालत गेलो. आणि भिंत तिथंच होती हो. जरासुद्धा पळून गेली नव्हती. फक्त वर, माझं तोंड असायचं तिथं, पांढऱ्या चुन्यावर एक मिशीवाला बाप्या हातात दंतमंजनाची डबी धरून सगळे दात दाखवत होता.

भाऊजींना गाडीत मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही..." आणि पुढचं गिळलं.

भिंतीच्या पायथ्याशी एक बाई गोवऱ्या थापत होती, चंद्रव्वा तिचं नाव. म्हणाली, "चादरवाली बाई व्हय? उशीर केलासा की. गड्ड्याच्या जत्रंआधी मालकानं चुना मारला. लई देखणी व्हती. तुमी बघितलीच न्हाय?" मी म्हटलं, नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तरणी व्हती वो." घ्या. "पर पाय हाईत. तोंडाला श्याण कसं लावायचं म्हणून मी पायाशीच थापत व्हते, चुनावाला तेवढं सोडून गेला."

तिनं दोन गोवऱ्या उचकटल्या. खाली पाय. टाचा उचललेले, जोडवी घातलेले, आणि डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. लहानपणी माझ्या पायावर पाटा पडला होता... गैबीसाबनी ती करंगळीसुद्धा सोडली नव्हती. मग तोंड कसं काढलं असेल, सांगा मला.

हे वाकले, नीट बघितलं आणि हळूच म्हणाले, "फिकी पडली करंगळी. आधी चांगली गुलाबी होती."

आधी म्हणजे?

"अगं, कामावर जायची माझी वाटच ही. रोज दिसायचीस की."

रोज. इतकी वर्षं, सायकलवरून, जाता-येता, हे भिंतीवरच्या मला बघत गेले, आणि घरातली मी कप घेऊन पुढ्यात उभी, तर यांचं डोकं पेपरात. भांडावं तर कुणाशी? त्या बाईशी? ती तर चुन्याखाली गेली. आणि मग मला का नेलं नाही, असं विचारलं, तर खरोखर वाईट वाटलेल्या चेहऱ्यानं म्हणतात, "मला वाटलं, भिंत कुठं पळून जाते."

चंद्रव्वाला सांगितलं, थाप बाई परत तिथंच, पाय तरी राहू देत. तिनं ताजं शेण थापलं.

घरी आले. चहा टाकला, इरकल घडी करून ठेवलं. यांनी पेपर उघडला. मी म्हटलं, "अहो, जरा वर बघा की इकडे." तर पेपरामागून आवाज आला, "बघतो गं. तू कुठं पळून जातेस?"