दिनूभाऊंच्या नावाचा करंडक

अध्यक्ष महाराज, सुलभावहिनी, आणि गळ्यात कॅमेरे अडकवून शोकसभेला आलेल्या फोटो क्लबच्या मित्रांनो,

एवढी गर्दी बघून बरं वाटलं. दिनूभाऊ होते तेव्हा त्यांच्या फोटोंसमोर एवढी माणसं कधी थांबली नाहीत. मला आज बोलवत नाही. पण तुमची भाषणं ऐकल्यावर गप्पही बसवत नाही.

आशागडला आमच्या चिकूच्या वाड्या लागून. गेल्या आठवड्यापर्यंत हा माणूस कुंपणापलीकडे होता. सकाळी मॅक्रो लेन्स घेऊन रानशेतच्या ओढ्यावर जायचा. ओल्या मातीवर फुलपाखरं बसलेली, आणि दिनूभाऊ चिखलात पालथे. त्या लेन्सला वीतभर जवळ जावं लागतं. आपली सावली पडली, की फुलपाखरू उडालं. मग पुन्हा पालथे. परतताना मी विचारायचो, "मिळाला का फोटो?"

"नाही रे. त्याला आज वेळ नव्हता."

त्याला म्हणजे फुलपाखराला!

आणि तुम्ही? तुम्ही फुलपाखरू जाळीत धरता, डब्यात घालता, डबा फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवता. गारठून मेल्यासारखं झालं, की जास्वंदीवर मांडता. वरून फवाऱ्याचं दव. खाली लिहिता, "उधव्याच्या जंगलात, नैसर्गिक अवस्थेत." धन्य आहे!

मागच्या स्पर्धेत अध्यक्षांच्या अशाच एका नीलवंत फुलपाखराच्या फोटोला पहिला नंबर मिळाला. दिनूभाऊ फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "शेठ, यानं पायांनी फूल धरलेलंच नाही. याला कुणीतरी ठेवलंय."

शेठ काय म्हणाले, आठवतंय? "अरे दिनू, तू पण फ्रिजमां मूक ने, ठेव की फ्रिजमध्ये! तुलाही मिळेल नंबर."

केवढे हसलात तुम्ही. "ज्यांना फोटो मिळत नाहीत, त्यांना तत्त्वं सुचतात," असंही कुणीतरी म्हणालं. ते गृहस्थ आत्ता दुसऱ्या रांगेत डोळे पुसताहेत. पुसा, पुसा. त्यानंतर दिनूभाऊंनी तुमच्या स्पर्धेला एक फोटो दिला नाही.

आणि आज ठराव काय? त्याच स्पर्धेच्या करंडकाला दिनूभाऊंचं नाव! शिवाय भिंतीवर लावायला त्यांचे फोटो हवेत. हयातीत ज्याला हसलात, त्याच्या नावाखाली आता तुमची गारठलेली फुलपाखरं खपवायची?

वहिनींनी उत्तर द्यायचं काम माझ्यावर टाकलंय. "भाऊजी, गोड बोलू नका," एवढंच म्हणाल्या. ते मला जमतं. तर ऐका. धरलेलं, गारठवलेलं फुलपाखरू स्पर्धेत चालणार नाही, असा नियम आधी करा. अशी मिळवलेली बक्षिसं परत करा. शेठ, पहिलं तुमचं. तोवर नाव नाही, फोटो नाहीत.

आता श्रद्धांजलीसाठी उभं राहायचं. पण सगळ्यांनी नको. ज्यांना हा नियम मान्य आहे, त्यांनीच उभं राहावं. बाकीच्यांनी बसून राहावं. वहिनींना बघू दे.

वहिनी उभ्या राहिल्यात. मीही उभा आहे. शेठ, तुम्ही सावकाश ठरवा. तोवर आम्ही कुणीच बोलणार नाही.