खड्यावरची वाफ

मस्तूरा : ...काच म्हणा नाहीतर बाटलीचा तुकडा म्हणा, पण तुमच्या तोंडून येऊ दे, हाजी. जुम्म्याची नमाज झाली की मुलाकडची माणसं माझ्या दारात भांडायला येणार आहेत. त्यांच्या तोंडावर सांगेन, हाजी अर्सानींनी स्वतः बघितलाय खडा.

हाजी : अगं, आधी टेक तरी. मलाही मशिदीत जायचंय, अर्धं शटर ओढलंय मी. आणि ही टोपली कशाला आणलीस आत?

मस्तूरा : बिंग्का आहे. बाजारात विकायला निघालेच होते. लग्न मोडलं म्हणून नारळाचं दूध थांबतं होय? नासतं ते. केक करूनच टाकावे लागतात.

हाजी : लग्न मोडलं? कालच बोलणी होती ना तुझ्या दियानाची? चेम्पाकाच्या खाणीवरच्या त्या शह्रानीशी?

मस्तूरा : होती. मीच मोडली. तीस माणसं बसलेली, मी आतबाहेर करत बिंग्का वाढतेय, आणि या पठ्ठ्यानं खिशातून अंगठी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणे, आईची आहे, आजोबांनी स्वतः खाणीतून काढलेला खडा. मी तोंडाशी नेली आणि सोडली वर वाफ. आपल्या मार्तापुरात शेंबडी पोरसुद्धा हे करते. खऱ्या हिऱ्यावरची वाफ पापणी लवायच्या आत उडते. हिच्यावर बसली ती बसलीच. दहा आकडे मोजले मी. मोठ्यानं.

हाजी : मोठ्यानं कशाला गं?

मस्तूरा : सगळ्यांना कळायला नको? मग म्हटलं, ही काच तुझ्या आईलाच लखलाभ. तो अंगठी तिथेच सोडून उठून गेला.

हाजी : त्याची आई जाऊन दोन वर्षं झाली, मस्तूरा.

मस्तूरा : माहितेय. जीभ घसरली. रात्रभर दियानानं खोलीची कडी काढली नाही. पण तिला फसू देणार नाही मी. मी फसले तेवढं पुरे.

हाजी : फसलीस, फसलीस! खोट्याचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं? हे बघ, अख्खी ओंजळ. काही चीनचे, काही बँकॉकचे. नेऊन धर उजेडात. भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचा खरा कपाटात असतो आणि हा बोटात. न्हाणीघरात पडला तर दुसरा नेतात, झोप उडत नाही. दियानाला यातलाच एक घाल. कोण विचारतंय? पोरगा तर चांगला आहे!

मस्तूरा : दिसण्याचं मला नका सांगू. माझी काय कमी दिसायची? आठ वर्षं मिरवली. अंगठी दिसण्यासाठी नसते, हाजी, अडीनडीला असते. घरातलं माणूस आडवं पडतं ना, त्या दिवशी कळतं बोटात काय होतं ते.

हाजी : बरं, बरं. जाऊ दे.

मस्तूरा : कसं जाऊ दे? माझा नवरा, अन्वर, आडवा पडला तेव्हा त्याला बंजरमासिनला मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं. अंगठी घेऊन धावत कुठे आले मी? इथेच. याच स्टुलावर बसले होते. तुम्ही खडा काढलात, बघितलात आणि म्हणालात, ‘बाई, काच आहे ही.’ सोन्याचे तेवढे पैसे माझ्या हातावर ठेवलेत. त्यात होडीचं भाडंसुद्धा धड भागलं नसतं. घरी जाऊन मी त्याला नाही नाही ते बोलले. तुझ्या आईनं मला काच घातली, म्हटलं. तो भिंतीकडे तोंड करून निजला, तो चौथ्या दिवशी तसाच गेला. एकोणीस वर्षं झाली. म्हणून मी वाफ सोडते, हाजी. कुणाचीही अंगठी असो.

हाजी : आण ती इकडे. उगाच वेळ घालवू नकोस.

मस्तूरा : ही घ्या. आणि फक्त ‘काच’ म्हणा, मी निघाले.

हाजी : हं. काय गं, हिला कसला वास येतोय? लोण्याचा?

मस्तूरा : माझ्या हातांचा असेल. पहाटेपासून साच्यांना तूपलोणी लावतेय.

हाजी : आणि काल? काल वाढता वाढता धरलीस, तेव्हा हात धुतले होतेस?

मस्तूरा : तीस माणसांचं वाढताना कोण हात धुतं? पदराला पुसले. काच ती काचच, तुपात बुडवली तरी काय फरक पडणार?

हाजी : काचेला नाही पडत. खऱ्याला पडतो. तेल-तूप दिसलं की खरा खडा त्याला असा चिकटतो, की पुसून जात नाही. मग वर बसलेली वाफ उडायची कशी? ती तुझ्या लोण्यावर बसली होती, बाई, खड्यावर नाही! थांब. कोंदणातून सोडवतो. साबणाचं पाणी दे ते इकडे. आता स्पिरिट.

(हाजी खडा धुतात, कोरडा करतात, चिमट्यात धरून तोंडाशी नेतात. मस्तूरा मनात आकडे मोजायला सज्ज होते. एकसुद्धा मोजावा लागत नाही.)

मस्तूरा : पुन्हा करा.

हाजी : केलं की दोनदा.

मस्तूरा : पुन्हा करा म्हणते ना!

हाजी : हे बघ. आली... गेली. भिंगाखालीही बघितला. खरा आहे, मस्तूरा. पैलूही जुन्या हातचे आहेत, आपल्याच कारागिरांचे. पोरगा खरं बोलत होता.

मस्तूरा : या अल्ला! तीस माणसांसमोर... त्याच्या मेलेल्या आईला... मी आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्याकडे?

हाजी : जाशील. माफी मागशील. पोरगा रुसलेला असेल, दुसरं काय? थांब, कागदाच्या पुडीत घालून देतो. हरवू नकोस.

मस्तूरा : हाजी...

हाजी : काय?

मस्तूरा : मघाशी ते चीनचे तुम्ही ओंजळीनं उचललेत. हा चिमट्यानं.

हाजी : मग? हा खरा आहे. खऱ्याला बोट लावत नाही आम्ही.

मस्तूरा : आणि पुडीत घालताय.

हाजी : घालतो. सवय आहे ती.

मस्तूरा : माझाही तुम्ही चिमट्यानंच उचलला होता. आत्ता डोळ्यांसमोर आलं. काच आहे म्हणालात, आणि चिमट्यानं उचलून अश्शाच कागदात घालून खणात ठेवलात.

हाजी : एकोणीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? तू भलतंच काहीतरी... ते सोड. शह्रानी कुठे आहे ते सांग आधी. त्याला निरोप धाडू.

मस्तूरा : तो... पहाटे आला होता दारात. रात्रभर झोपला नसावा. डोळे लाल. आत ये म्हटलं, तर आला नाही. अंगणातूनच ओरडला, ‘आज तुम्हाला हिरा आणून देतो, माझ्या हातानं काढलेला, मग फुंकत बसा त्याच्यावर!’

हाजी : काय म्हणाला?

मस्तूरा : हिरा आणून देतो म्हणाला.

हाजी : असं नाव घेऊन? खांद्यावर माती धुवायची परात होती का?

मस्तूरा : होती. लाकडी परात होती, फावडं होतं. का?

हाजी : मी वीस वर्षं काढलीत चेम्पाकाच्या चिखलात. तिथं ते नाव कुणी तोंडातून काढत नाही. गालुह म्हणायचं. घरातल्या लाडक्या लेकीला म्हणतो तसं. नाव घेऊन हाक मारली की ती रुसते, आणखी खोल जाते, आणि मागं आलेल्याला सोबत नेते. म्हातारे हेच सांगायचे.

मस्तूरा : मला घाबरवू नका हो.

हाजी : नावाचं राहू दे बाजूला. आज वार कोणता?

मस्तूरा : शुक्रवार.

हाजी : शुक्रवारी खाणीत चिटपाखरू नसतं! दोर कोण धरणार? पाणी कोण उपसणार? आणि गेले तीन दिवस धो धो पडतोय. विहिरीएवढे खोल खड्डे ते, भिंती भिजून भाकरीसारख्या मऊ झाल्या असतील. तू त्याला जाऊ दिलंस?

मस्तूरा : मला वाटलं, रागात बोलतोय. मी... मी दार लावून घेतलं. फोन करा. कुणालातरी फोन करा!

हाजी : माझा मेहुणा इद्रुस खाणीला लागूनच राहतो. थांब, स्पीकरवर टाकतो. लागतोय... इद्रुस? अरे, इद्रुस!

इद्रुस (फोनवर) : मोठ्यानं बोला, दाजी! इथं काही ऐकू येत नाही.

हाजी : तुझ्यामागे कसला आवाज येतोय?

इद्रुस : पंपाचा.

हाजी : आज? शुक्रवारी पंप कसा काय?

इद्रुस : आत्ता लावला. जुन्या खड्ड्यात कुणीतरी उतरलंय. काठावर मोटरसायकल दिसली म्हणून आलो, तर एका बाजूची भिंत खचलेली. खाली पाणी भरतंय.

मस्तूरा : मोटरसायकल लाल आहे का? हँडलला निळा रुमाल बांधलाय का? दियानानं बांधला होता.

इद्रुस : रुमाल आहे. कोण बोलतंय?

हाजी : मस्तूरा आहे, बिंग्कावाली. खाली शह्रानी आहे, इद्रुस. जिवंत आहे का? बोलतोय?

इद्रुस : मघाशी बोलला. खड्ड्याच्या तळाला आडवं भगदाड आहे, त्यात शिरलाय. दोर सोडला तर धरत नाही. म्हणतो, मिळाल्याशिवाय वर येणार नाही. वेड लागलंय त्याला. पाणी कमरेला लागलं असेल आतापर्यंत!

मस्तूरा : त्याला सांगा, खडा खरा आहे! माझी चूक झाली म्हणावं! ओरडून सांगा, त्याच्या आईचा हिरा...

इद्रुस : गप! इथं ते नाव घेऊ नका, बाई! आधीच इथले चारजण उतरायला तयार नाहीत.

मस्तूरा : मग... मग असं म्हणा, गालुह घरी आहे. कालपासून घरीच होती. आता शोधू नकोस, वर ये.

इद्रुस : थांबा, ओरडतो... ओरडलो.

हाजी : मग?

इद्रुस : विचारतोय, कोण म्हणतं? त्याला वाटतंय, वर काढायला आम्ही थापा मारतोय.

मस्तूरा : म्हणावं, हाजी अर्सानी म्हणतात. त्यांनी स्वतः धुऊन बघितली.

हाजी : माझं नाव नको, मस्तूरा.

मस्तूरा : का नको? खड्याच्या बाबतीत या गावात तुमचाच शब्द मानतात. मीही मानला होता.

हाजी : मस्तूरा, त्या दिवशी... दुकान नवं होतं माझं. तू रडत आली होतीस, तुला काहीच कळत नव्हतं, आणि मी...

मस्तूरा : कळलं मला. चिमटा बघितला तेव्हाच कळलं. माझ्या अन्वरचं मी तुम्हाला नंतर विचारेन, उभ्या गावासमोर विचारेन. आत्ता या पोरासाठी खरं बोला. घ्या फोन.

हाजी : इद्रुस. सांग त्याला, हाजी अर्सानी म्हणतो. गालुह घरी आहे. अल्लाशपथ म्हणावं, खरं आहे.

इद्रुस : सांगतो...

मस्तूरा : काय म्हणाला?

इद्रुस : काही नाही.

मस्तूरा : काही नाही म्हणजे?

इद्रुस : पंपाच्या आवाजात कळत नाही, बाई. बोलला असेल. नसेलही.

मस्तूरा : मग जरा बंद करा ना पंप! एकदा ऐका तरी!

इद्रुस : बंद केला तर पाणी चढेल.

मस्तूरा : बरं. मग चालू राहू दे. तुम्ही ओरडत राहा. गालुह घरी आहे म्हणावं, ये आता.