बंद करू ना?

नाही, पान उलटू नका, मेमरीचंच वाचा पुन्हा. बत्तीस जीबी. बरं. म्हणजे अकराच्या जागी अकराशे गोदामं जोडली तरी तुमच्या राउटरला घाम फुटणार नाही, हेच ना? आणि दोन पॉवर सप्लाय — एक गेला तर दुसरा. छान. अहो, उठता कुठे, मोठे साहेब अर्धा तास मोकळे होत नाहीत आज, बसा. तोवर तुम्ही सांगा, मी ऐकतो — म्हणजे मी सांगतो, तुम्ही ऐका. चौदा वर्षं या कंपनीचं नेटवर्क मी एकट्याने ओढतोय. मेमरी म्हणजे काय, हे मला चकचकीत कागदावरून शिकायचं नाहीये.

तुम्हाला इथे का बोलावलंय, ते तरी सांगितलं का कुणी? परवा आम्ही बंद पडलो म्हणून. औषधांची अकरा गोदामं, सगळी त्या कपाटातून एकमेकांशी बोलतात — तो खालचा करडा डबा दिसतोय ना, तोच. सोमवारी सकाळी त्याची वाचा बसली. दोन दिवस ट्रक दारात उभे, ड्रायव्हर चाकाला टेकून झोपलेले, आणि आत कुणाला पत्ता नाही कुठला माल कुठे जायचाय. आणि कारण काय लिहिलंय? — तो नाही हो, तुमच्या ब्रोशरखालचा कागद, तो टाइप केलेला — की वायरमनने कुणालाही न विचारता मेन स्विच बंद केला. खाली माझी सही पाहिजे. ती झाली की वायरमन काकांना घरी बसवणार, बत्तीस वर्षांची नोकरी, एका सहीत. ते बघा, काचेपलीकडे, बाकावर बसलेत ते. नऊ वाजल्यापासून बसलेत. आत कधी बोलावतील म्हणून पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत.

आता तुम्ही राउटर विकता, तुम्हीच सांगा, स्विच बंद केल्याने राउटर मरतो का? नाही मरत. बंद करा, चालू करा, दहा मिनिटांत उभा राहतो. मग आमचा का नाही राहिला? कारण त्याला मेमरी दोन. एक डोक्यातली, जागा असेपर्यंतची. दुसरी वहीतली — झोपून उठला की वही उघडतो आणि बघतो, आपली माणसं कोण, कुठला रस्ता कुठे जातो. आमच्याची वहीच गेली होती. एवढीशी चिप, चार वर्षांपूर्वी गेली, सेव्ह करायला जावं तर एरर. तरी गडी नुसत्या डोक्यातल्यावर चालला, एक डुलकी न घेता. मी लिहून दिलं, बोर्ड बदला. एकदा नाही, तीनदा दिलं — आणि साहेबांचा शेरा काय? 'चालू आहे ना? मग?' फाइलीत आहे अजून, दाखवतो हवं तर. मग सोमवारी उठला बिचारा, वही उघडली, तर कोरी. स्क्रीनवर अदबीने विचारतोय, सुरुवातीपासून सेटिंग करायची का म्हणून. मला हसूच आलं. म्हटलं, अरे बाबा, तुझं सगळं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे पेन ड्राइव्हवर, अर्ध्या तासात तुला —

काय? मग दोन दिवस का लागले? लागले. तुम्हाला काय करायचंय? मशीन विकायला आलात, मशीन विका.

सोमवारी सकाळी मीटिंग होती. वीस माणसांसमोर साहेब म्हणाले, नेटवर्क म्हणजे काय, कोपऱ्यात एक डबा ठेवलाय, त्याला पूर्ण पगाराचा माणूस कशाला लागतो? आणि वीसच्या वीस जण हसले. चौदा वर्षं, हो. लेकीच्या बारशाला मी या कपाटात डोकं घालून बसलो होतो, बायको अजून ऐकवते. तर तसा धुमसत इथे येऊन बसलो, आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत — काय सांगू — साहेब स्वतः चहाचा कप घेऊन आले या टेबलापर्यंत. मला 'अहो' म्हणाले. म्हणाले, तुमच्याशिवाय कुणाचं काम नाही हे. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मग लावला पेन ड्राइव्ह. मला काय माहीत की तेवढ्या वेळात हे लोक बळीचा बकरा शोधून ठेवतील?

तुमचा राउटर काय म्हणालात मघाशी, लॉग ठेवतो? कुणी काय केलं, किती वाजता, सेकंदासकट? मग फोनवर कोण काय बोललं तेही ठेवतो का? नाही ना. मग काय उपयोग त्या बत्तीस जीबीचा. त्या सोमवारी मीटिंग सुटल्यावर या फोनची घंटा वाजली. काका खालून बोलत होते, बॅटऱ्या बदलायच्यात, वरचं कपाट बंद होईल, बंद करू ना? मी म्हटलं, करा. तर म्हणाले, सगळं? अहो, दोनदा विचारलं त्यांनी. वही कोरी आहे हे मला ठाऊक होतं, एकट्या मला. आणि मी म्हटलं, "सगळं करा बंद, काका." फोन ठेवला आणि हाताची घडी घालून बसलो. आणि हे लिहितात, न विचारता. तो माणूस पंख्याचं बटणसुद्धा विचारल्याशिवाय —

थांबा. मागे बघा, हळूच. उठलेत ते. पॅसेजमधला दिवा दिवसाउजेडी जळतोय, आणि ते बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघतायत. कळतंय का तुम्हाला? आज नोकरी जातेय त्या माणसाची, माझ्यामुळे जातेय हे त्यांना पुरतं माहीतही आहे, आणि तरी मलाच विचारतायत, बंद करू ना.

पेन द्या तुमचं. नाही, तुमच्या ऑर्डरवर सही नाही करत मी, तो कागद उचला आधी. या टाइप केलेल्यावर लिहायचंय मला, दोन ओळी, त्यांनी विचारलं होतं आणि मी काय सांगितलं ते. पेन ड्राइव्हचंही. — बघू नका असं माझ्याकडे. निघा आता. बाहेर काकांना म्हणावं, दिवा राहू दे, आणि साहेबांकडे माझ्याआधी जाऊ नका.