पोळ्याच्या दिवशी ढकललेली मोटार

अंबड पोलीस ठाणे, ता. ६ सप्टेंबर १९७५

नाव भुजंग सर्जेराव उढाण, वय ४८, धंदा शेती, राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील गावी मी बायको दुर्गाबाईसह राहतो. काल पोळा होता. सकाळी माझ्या घरासमोर सडकेवर एका गोऱ्या साहेबाची मोटार बंद पडली. मोटारीतच पलंग, स्टोव्ह, पडदे, सगळा संसार. नवरा-बायको त्यांच्या मुलखातून सडकेनं हिंडत आल्ते. इंजनातून धूर निघून राह्यला व्हता. आत बाई तापानं फणफणल्ती, डोळे पिवळेजर्द. साहेब मोडक्या हिंदीत एकच म्हणे, "डाक्टर, जल्दी."

खाली नदीला पूर, म्हणून एसटी, ट्रक बंद. दवाखाना अंबडला, नदीच्या अलीकडं. साहेबानं माझ्या दारातले बैल पाहिले अन् हात जोडले. मी न्हाई म्हणलो. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. आदल्या सांजेला खांद्याला हळद-लोणी चोळून त्यांना जेवायचं आवतन दिल्तं. बोलावलेल्या पाहुण्याला कोणी कामाला जुंपतं का? सगळ्या गावाचं हेच म्हणणं पडलं. दुर्गाबाई तेवढी भांडली, "अहो, पोरीच्या वयाची बाई डोळ्यांदेखत चालली, अन् तुम्ही सण धरून बसले?" मी तिला गप राह्य म्हणलो.

पण आम्ही काही कसाई न्हाई. बैलांऐवजी आम्हीच लागलो. काही गडी पुढं दोराला, काही मागून रेटायला, साहेबही आमच्यात. पाऊस, चिखल, चढ. खांदे सोलून निघाले. दुर्गाबाई आत बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्ती. दिवस मावळला तरी अर्धी वाट सरली नव्हती. तेव्हा आतून दुर्गाबाई म्हणाली, "थांबा. आता ढकलू नका."

साहेब आत जाऊन बाईपाशी बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मयताबाबत माझा कोणावर संशय न्हाई.

आज उजाडताच मी बैल आणून मोटारीला जुंपले. पोळा संपल्ता. बैल कुठंच अडले न्हाईत. दुपारच्या आत मयत अंबडला पोचली. दुर्गाबाई कालपासून माझ्याशी बोलत न्हाई.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. बैल अडले न्हाईत, तेवढं खोडा म्हणलो. जमादार म्हणाले, तुम्हीच सांगितलं. होय, मीच सांगितलं. बराबर लिहिलंय.

भुजंग सर्जेराव उढाण, डाव्या हाताचा अंगठा.