पानी देनारी गाडी

नाही, उपकार हायेत गुरुजीचे, मी कुठं नाही म्हनतो? पन शब्दाले असं मुयासकट उपटून पाहाची सवय लागली ना मानसाले, तं तुमाले सांगतो, लय भोवते! आमचे माणिकराव गुरुजी शब्द पाठच नाही करू देत, फोडाले लावत. 'पोरांनो, द म्हणजे देणारा. सुख देतो तो सुखद, दुःख देतो तो दुःखद, जल देतो तो जलद... म्हणजे कोण?' आमी म्हनो, ढग. एका अक्षरात कितीक शब्द हाती लागत. मी मॅट्रिक झालो तो त्याच्यावरच... उपकार हायेत.

मंग वाशिमच्या एका शायेतून मास्तरकीच्या मुलाखतीचं बोलावनं आलं. दुस्कायाचं साल. मी किन्हीराजाच्या फाट्यावर गाडीची वाट पाहून राह्यलो, अन् आमच्याकडं कधी न थांबनारी यष्टी समोर येऊन उभी. शेजारची दुर्गाबाई म्हने, 'इंद्रभान, पाटीवर काय लिवलं रे बावा?' लिवलं होतं, जलद. आता जलद म्हंजे लवकर जानारी, हे मले काय माहीत नव्हतं? पन गुरुजीचा अर्थ पयले तोंडात येते, त्याले मी काय करू... छाती काढून सांगतलं, 'मावशी, पानी देनारी गाडी हाय.'

झालं. बाया रिकाम्या घागरी घेऊन पयत आल्या. तिकून डायवर किसनसिंग उतरला, हाती रिकामा डबा, म्हने, 'बाई, थोडं पानी द्या, इंजन तापलं.' बाया पाहून राह्यल्या डब्याकडं, तो पाहून राह्यला घागरीकडं, अन् मंग सारे पाहून राह्यले माह्याकडं.

दुर्गाबाई मले बोल बोल बोलली. मंग घरी गेली, पेयाची अर्धी घागर होती ते घेऊन आली अन् इंजनात ओतली. म्हने, 'माह्या घरी एक टाइम चूल नाही पेटली तं चालन, तुही नोकरी जाले नाही पाह्यजे.' सांगा आता, गुरुजीचे उपकार एकीकडं, हे कुठं ठेवू?

पोचलो तं हेडमास्तर घड्याळ दाखवून म्हने, 'एवढा उशीर कशामुळे?'

म्या म्हनलं, 'साहेब, जलद गाडीनं आलो.'

मंग सारं सांगा लागलं, पार घागरीपरेंत. साहेब हासू हासू डोये पुसत म्हने, 'तुम्ही आम्हाला पाहिजेच.' लागली नोकरी, भाऊ. उपकार हायेत गुरुजीचे, दुर्गाबाईचे, साहेबाचे... फकस्त मराठी नाही देलं त्याइनं मले. गनित शिकवून राह्यलो.